परक्या संघाचे खजिनदार

जबलपूरच्या मराठी वस्तीत, म्हणजे गोलबाजार, राइट टाउन, नेपियर टाउनच्या टापूत, असे एक काका हमखास भेटतात. गन कॅरेज फॅक्टरीच्या नाहीतर खमरियाच्या कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त. पेन्शन वेळेवर. मुलगी-जावई न्यू जर्सीत. एका उन्हाळ्यात काका तिकडे गेले असताना जावयाने त्यांना हौसेने बेसबॉल बघायला नेलेलं असतं. खेळ काकांना कळत नाही, मधल्या डावांत ते चक्क डुलक्या काढतात. पण परतीच्या वाटेवर जावई सहज खेळाडूंच्या पगाराचे आकडे सांगतो आणि काका खडबडून जागे होतात, ते आजतागायत.

तेव्हापासून काल कोण जिंकलं हे त्यांना विचारू नये. कुणाचं कुणाकडे किती येणं आहे, ते विचारावं.

त्यांचं आराध्य दैवत बॉबी बोनिया. हा फलंदाजीत कसा होता याची काकांना फिकीर नाही. 2000 साली न्यूयॉर्क मेट्सने त्याला मोकळं केलं, तेव्हा त्याला 59 लाख डॉलर द्यायचे बाकी होते. ते हातावर ठेवण्याऐवजी संघाने आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले. 2011 ते 2035, दर 1 जुलैला 11 लाख 93 हजार 248 डॉलर, वर 20 सेंट. एकूण हप्ते 25, रक्कम जवळपास 3 कोटी डॉलर. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर चक्रवाढ मांडून ताळा घेतला आहे, तो जुळतो. मालकांनी हे कबूल तरी कसं केलं? तर त्यांचा पैसा बर्नी मेडॉफकडे होता आणि तिथे कागदावर याहून चढा परतावा दिसत होता. डिसेंबर 2008 मध्ये मेडॉफला घोटाळ्यासाठी अटक झाली. गोष्ट इथे आली की काका कप बशीत ठेवतात आणि म्हणतात, “आमची ऑडिट पार्टी पाठवायला हवी होती. चार दिवसांत बिंग फोडलं असतं.”

शोहेई ओतानीचा डॉजर्सशी झालेला करार त्यांना थोडा बेचव वाटतो. दहा वर्षांचे 70 कोटी डॉलर, त्यातले 68 कोटी 2034 पासून पुढे, तेही बिनव्याजी! “बिनव्याजी उधारी भावाला देतात, डॉजर्सना नाही.” आयपीएल तर ते हिशेबातच धरत नाहीत. 2025 च्या हंगामासाठी ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले खरे, पण प्रत्येक संघाला 120 कोटींचं कुंपण. बेसबॉलमध्ये कुंपण नाही, जकात आहे: 2025 साली पगारखर्च 24 कोटी 10 लाख डॉलरच्या वर गेला की वरच्या रकमेवर कर, आणि वर्षामागून वर्ष तेच केलं तर कराचा दर चढता. असा दंड स्वखुशीने भरणाऱ्या माणसांबद्दल काकांना भीतीयुक्त आदर आहे.

ही विद्या खरी फुलते ती जावई डिसेंबरात आला आणि सगळे सदरला मासे खायला निघाले की. जबलपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेने हजारेक किलोमीटर. पापलेट येतं ते बर्फाच्या पेटीतून, आणि मेनूकार्डावर त्याच्यापुढे किमतीऐवजी ‘एपीएस’ छापलेलं असतं. जसा मासा, तसा दर. आकडा नसलेला रकाना पाहून काकांचा जीव कासावीस होतो. ते मासा टेबलावर मागवतात, कल्ला उचलून पाहतात, डोळा दाबतात.

“कब आया?”

“परसों की गाड़ी से, बाबूजी.”

मग ते बरगी धरणातल्या रोहूची शिफारस करतात, आणि दाखला देतात तो बेसबॉलचाच. 2002 साली ओकलंडने 4 कोटी डॉलरच्या आसपास पगार वाटून 103 सामने जिंकले, यांकीज साडेबारा कोटींच्या आसपास उधळूनही 103 वरच राहिले. नावाला पैसे मोजायचे नाहीत, कामाला मोजायचे. पापलेट हे नुसतं नाव आहे.

काकूंचं माहेर मालवणचं. ओकलंडचं त्यांना काही सोयरसुतक नाही. “गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो आणि काटे मोजत बसावं लागतं,” एवढं बोलून त्या वेटरकडे वळतात आणि पापलेट सांगतात, एक नाही, दोन. जावई हळूच कोळंबी वाढवतो. आता पगारखर्च हाताबाहेर गेला आहे हे ओळखून काका गप्प बसतात, आणि एका पापलेटचा मधला तुकडा आपल्या ताटात ओढतात. तो त्यांना आवडतो.

बिल मात्र जावयाला देऊ देत नाहीत. दुसऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर जीव टाकणाऱ्या या गृहस्थाने घर, स्कूटर, फ्रीज, सगळं रोखीने घेतलं आहे. चष्मा चढवून ते ओळ न् ओळ वाचतात, पाच टक्के जीएसटी तोंडी काढून पाहतात आणि वेटरला थांबवतात. मसाला पापड लावायचा राहिला आहे. तो ते लावून घेतात, बिल नव्याने छापून आणायला सांगतात, आणि तेवढेच पैसे टिपेतून कापतात.