ह्यूस्टनला म्हणावं, थांब जरा!

अहो, ऐकलंत का? ह्यूस्टन म्हणे आता आपल्याला गाठणार! ते तेवीस लाखांच्या वर गेलंय आणि आपलं शिकागो सत्तावीसच्या आसपास घुटमळतंय. काल डिव्हॉन रस्त्यावर भाजीच्या दुकानात दोघीजणी हेच बोलत होत्या. एक म्हणाली, “शिकागो संपलं हो आता.” मी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत कान देऊन उभी होते, पण शेवटी राहवेना. म्हटलं, “अहो ताई, १९९० च्या सेन्ससमध्ये लॉस एंजेलिस आपल्या पुढे गेलं, तेव्हाही हेच रडगाणं होतं. दोनाचा तीन नंबर झाला, म्हणून शहराने काय गाशा गुंडाळला?” तर बाई एकदम कांदे बघायला लागल्या!

आता खोटं कशाला बोलू, १९५० साली इथे छत्तीस लाख माणूस होतं. छत्तीस! म्हणजे नऊएक लाखांचा खड्डा. गेली कुठे एवढी? बरीचशी हायवे धरून सबर्बात. आपली मराठी मंडळीच घ्या. गणपतीत भेटली की “आम्ही शिकागोचे”, आणि घर कुठे? तर नेपरव्हिल, नाहीतर शॉमबर्ग! तिथलं माणूस आपल्या शहरात मोजत नाहीत हो. गेल्या गणपतीत एकीला मी हे तोंडावरच म्हटलं. हातातला मोदक हातातच राहिला तिच्या. नवरा मात्र गालातल्या गालात हसत होता, म्हणजे घरी या विषयावर आधी झालेलं असणार...

आणि जे शहरातच राहिले त्यांची गंमत वेगळीच. लिंकन पार्ककडे चक्कर मारा एकदा. ती विटांची दुमजली घरं असतात ना, टू-फ्लॅट? खाली एक बिऱ्हाड, वर एक. आता तरुण जोडपी येतात, दोन्ही मजले घेतात आणि पाडापाडी करून एकच घर करतात. आठ माणसं नांदायची तिथे आता दोघं आणि एक कुत्रा. भाव चढला, माणसं घटली!

साउथ साइडचं मात्र हसण्यासारखं नाही बरं का. १९८० साली शहरात काळी वस्ती बारा लाखांच्या घरात होती, २०२० ला आठ लाखांच्याही खाली आली. माझ्या बसला एक बाई असते, एंगलवुडची. ती सांगत होती, आधी पोलादाचे कारखाने गेले. मग सरकारी घरांच्या उंच इमारती पाडल्या. मग २०१३ साली एका फटक्यात पन्नासेक शाळांना कुलूप. “शाळाच नाही तर पोरं घेऊन राहायचं कशाला?” म्हणाली. तिच्या दोन्ही मुली आता अटलांटाला. एवढं बोलली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मीही गप्प झाले. आणि मी गप्प होते, म्हणजे बघा.

तर काय सांगत होते... हां, २०२०! तेव्हा तर सगळे धरूनच चालले होते की आकडा घसरणार. आणि निघाला किती? २७ लाख ४६ हजार! दहा वर्षांत पन्नास हजारांनी वाढलेला. नाक मुरडणारे कसे मान खाली घालून बसले म्हणून सांगू! गोरे, लॅटिनो, काळे, तिघांचे जवळजवळ सारखेच वाटे. आपण आशियाई सातेक टक्के, पण आपला वाटा वाढतोय हो. नंतर २०२२ पासून टेक्सासच्या गव्हर्नरने बसच्या बस भरून परदेशातून आलेली माणसं धाडली. बहुतेक व्हेनेझुएलाची. पोलिस ठाण्यांच्या फरशीवर कच्चीबच्ची झोपलेली. आपल्या कोपऱ्यावरच्या पोलिश आजी दिवसभर कुरकुरायच्या, “एवढे लोक ठेवणार कुठे?” आणि संध्याकाळी सुपाचं पातेलं कापडात गुंडाळून स्वतःच ठाण्याकडे निघायच्या. विचारलं तर म्हणायच्या, जास्तीचं झालं होतं. रोज बरं जास्तीचं होतं!

स्वभावच आहे हा या गावाचा. मोठ्या गोष्टी पोटात घालतील, गल्लीतली एक विसरणार नाहीत. इलिनॉयचे चार-चार गव्हर्नर खडी फोडून आले, कुणाला सोयरसुतक आहे? पण बर्फ? अहो, १९७९ साली मेयर बिलँडिकना बर्फाने घरी बसवलं! रस्ते उपसले गेले नाहीत, त्यात एल गाड्या काळ्या वस्तीतल्या स्टेशनांवर न थांबता पुढे जायला लागल्या. थंडीत फलाटावर कुडकुडणाऱ्या माणसाच्या नाकासमोरून गाडी निघून जावी! फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणूक आली आणि जेन बर्नबाईंनी आख्खी यंत्रणा हाताशी असलेल्या मेयरला पाडलं. शहराची पहिली बाई मेयर! तेव्हापासून भुरभुर सुरू झाली की जो कोणी मेयर असेल त्याची झोप उडते.

आणि ते खुर्चीचं तर तुम्ही बघितलंतच. आपण तासभर खपून गाडीपुरती जागा उपसायची आणि तिथे मोडकी खुर्ची मांडायची. कायद्यात बसत नाही, पण हात लावून बघा! पलीकडच्या गल्लीत नवा आलेला एक मुलगा खुर्ची बाजूला सारून गाडी लावून गेला. सकाळी बघतो तर गाडीवर रात्रीतून कुणीतरी पाइपने पाणी सोडलेलं. दारं गोठली, वायपर काचेला चिकटले, आणि गाडीच्या समोर तीच खुर्ची! बिचारा एकेका दाराशी विचारत फिरला. कुणी काही पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

आता पोपचंच बघा, तिथेही गल्लीच आधी! २०२५ च्या मेमध्ये आपल्या शिकागोचा माणूस पोप झाला ना, तर इथे पहिला प्रश्न काय? धर्माचा नव्हे, बेसबॉलचा, कब्स की सॉक्स! कब्सच्या रिगली फील्ड मैदानाच्या पाटीवर लगेच झळकलं, पोप आमचा, कब्सवाला. तेवढ्यात पोपचा सख्खा भाऊ टीव्हीवर म्हणतो, छे, तो कायमचा व्हाइट सॉक्सवाला! नॉर्थ साइडची तोंडं अशी उतरली म्हणता! साउथ साइडला मात्र पोप लिओच्या नावाच्या जर्सी.

पण खरी बातमी पुढेच आहे, जरा इकडे या. पोपच्या आईचे आईवडील न्यू ऑर्लिन्सचे. १९०० च्या सेन्ससमध्ये तिथे त्यांची नोंद काळे म्हणून. मग कुटुंब शिकागोत आलं, आणि १९२० च्या सेन्ससमध्ये? गोरे! माणसं तीच. हसू नका, त्या काळी त्या एका शब्दावर घर आणि नोकरी अवलंबून असायची. शंभर वर्षं शेजारीपाजारी कुणाला पत्ता नाही, आणि पोप झाल्या झाल्या कुणीतरी जुनी दप्तरं चाळली!

म्हणून म्हणते, आकड्यावर जाऊ नका. आकडा म्हणजे लोकांनी दारात उभं राहून जेवढं सांगितलं तेवढं. आता बघा, तुमच्या तळघरात ते दोघं भाऊ राहतात... अहो, घाबरता कशाला? मी कुणाला सांगतेय! पण २०३० ला गणतीवाला आला की त्यांचीही नावं घाला. दोन तर दोन. ह्यूस्टनला फुकट कशाला पुढे जाऊ द्यायचं? आणि सेन्ससवाल्यांचा कायदा कडक आहे. ना पोलिसाला सांगत, ना इमिग्रेशनला. नावानिशी कागद बहात्तर वर्षं कुलपात. तोवर कुण्णाकुण्णाला कळत नाही.

मला कळलंय, ते वेगळं.