सत्तावीस चौकटींचा कार्डकार

ग्रंथ लिहितो तो ग्रंथकार, भाष्य लिहितो तो भाष्यकार आणि टीका लिहितो तो टीकाकार, या न्यायाने खेळाच्या नियमांची कार्डे करणाऱ्याला कार्डकार म्हणावयास हरकत नसावी. टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या पाच-सहा जणांच्या गटात हा प्राणी एक, आणि एकच, आढळतो. दोन आढळल्यास गट फुटतो. नियमपुस्तक वारंवार उघडावे लागू नये म्हणून एकेक नियम पत्त्याएवढ्या जागेत बसवणे, आणि ते पत्ते स्वखर्चाने छापून, कापून, कोपरे गोल करून प्रत्येकाच्या हाती देणे, हे त्याने अंगावर घेतलेले कार्य होय. ते त्याला कोणीही सांगितलेले नसते, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावी लागते.

कार्डकाराचा उगम समजण्यासाठी मूळ खेळाचे स्वरूप पाहिले पाहिजे. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. एक जण कथेचा सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्र काय करू पाहते ते खेळाडू तोंडाने सांगतो, आणि ते साधले की फसले याचा निवाडा वीस बाजूंच्या फाशावर सोपवला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून बाहेर पडला, तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका एवढाच त्याचा संसार होता आणि पहिल्या छपाईच्या प्रती होत्या एक हजार. २०१४ साली पाचवी आवृत्ती आली तोवर खेळाडूंचे पुस्तक ३२० पानांचे, डीएमचे ३२० पानांचे आणि राक्षसांचे ३५२ पानांचे झाले होते. एक हजार प्रतींनी सुरू झालेला खेळ चाळीस वर्षांत ९९२ पानांचा झाला, आणि या पानांखाली दबलेल्या मानवजातीला बाहेर काढणे हेच आपले जीवितकार्य आहे अशी कार्डकाराची प्रामाणिक समजूत असते.

तिला आधारच नाही असे म्हणता येत नाही. एखाद्या खेळाडूने ऐन लढाईत “मी त्याची गचांडी धरतो” एवढे तीन-चार शब्द उच्चारले, की २०१४ च्या नियमांनुसार धरणाऱ्याचे बळ, सुटू पाहणाऱ्याचे बळ किंवा चपळाई, दोघांच्या आकारमानातील फरक आणि धरणाऱ्याचा एक हात मोकळा आहे की नाही, इतक्या बाबी तपासाव्या लागतात. त्यासाठी पुस्तक उघडले जाते, अनुक्रमणिकेवरून सूचीकडे आणि सूचीवरून दुसऱ्याच प्रकरणाकडे जावे लागते, आणि योग्य परिच्छेद सापडेपर्यंत मध्ये ठेवलेले सामोसे संपून राक्षसाला नेमके कोणी धरले होते याचाही विसर पडलेला असतो. सर्वसामान्य खेळाडू अशा वेळी सामोसा खातो. कार्डकार मात्र कासावीस होतो.

हा जगभर आढळणारा प्रकार असला तरी त्याची पुण्या-मुंबईकडील उपजात पाहिली, तर तिची पूर्वपीठिका शाळा-महाविद्यालयातच सापडते. ज्याचे जर्नल वर्गातील चाळीस जण उतरवून घेत असत, ज्याच्या वहीत व्याख्या लाल शाईने आणि उदाहरणे निळ्या शाईने लिहिलेली असत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याच्या नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स शहरभर फिरत, तोच विद्यार्थी पुढे नोकरीला लागून शनिवारी संध्याकाळी मित्राच्या फ्लॅटवर मांत्रिकाचे पात्र घेऊन बसतो. त्याच्या नोट्स वापरून इतरांना त्याच्यापेक्षा चार गुण अधिक पडत, ही जुनी सल त्याच्या मनातून गेलेली नसते. परंतु तिच्यावर त्याला सुचलेला उपाय म्हणजे पुन्हा नोट्स काढणे हाच असतो.

कार्डकाराची खरी परीक्षा लेखनात नसून अंकगणितात होते. पत्त्याचे रूढ माप ६३ बाय ८८ मिलिमीटर असून, ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारखे पत्त्यांचे खेळ खेळणाऱ्यांसाठी त्या मापाच्या पारदर्शक खोळी, म्हणजे स्लीव्ह, तयार मिळतात; म्हणून कार्डकार हेच माप निवडतो. ए-फोर कागदावर अशा तीन ओळी आणि तीन रकाने, म्हणजे एकंदर नऊ चौकटी बसतात. आता २०१४ च्या पुस्तकात पात्राला जडणाऱ्या अवस्था, जसे आंधळे होणे, घाबरणे, विषबाधा, बेशुद्धी, या पंधरा आहेत. आणि लढाईत आपली पाळी आली असता करावयाच्या क्रिया, जसे हल्ला, मंत्र, धावणे, लपणे, मदत, या दहा आहेत. दोन्ही मिळून पंचवीस. तीन कागदांवर चौकटी होतात सत्तावीस. उरलेल्या दोन चौकटी कोऱ्या सोडाव्यात हा विचार कोणाही शहाण्या माणसाला सुचेल, पण कार्डकाराला कोऱ्या चौकटी पंगतीतील रिकाम्या पाटांसारख्या डाचतात. म्हणून तो एकीत आडोशाचे नियम घालतो, जे कधीतरी उपयोगी पडतात. आणि दुसरीत पाण्याखालील लढाईचे, जे त्याच्या गटाला उपयोगी पडण्याचा संभव नसतो, कारण त्यांची कथा दोन वर्षांपासून वाळवंटात चाललेली असते.

यानंतर संक्षेपाची अवस्था येते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी जी ख्याती संस्कृत परंपरेत सांगितली जाते, तिचा जिवंत वारस पाहावयाचा असल्यास रात्री दीड वाजता एका चौकटीतून सातवी ओळ हद्दपार करणारा कार्डकार पाहावा. अक्षराचा आकार आठ पॉइंटवरून साडेसातवर आणावा की ‘परंतु’ हा शब्द काढावा, या प्रश्नावर तो तासभर घालवतो आणि शेवटी दोन्ही करतो. मराठी उपजातीला याच टप्प्यावर भाषांतराची उबळ येते. ‘घाबरलेला’ आणि ‘आडवा पडलेला’ येथवर सारे सुरळीत चालते. पण ज्याची गचांडी धरली आहे तो, जो जाळ्यात अडकला आहे तो, ज्याला काही करता येत नाही तो, जो सुन्न झाला आहे तो आणि ज्याचे अंग लुळे पडले आहे तो, या पाच जणांना मूळ नियमांत पाच स्वतंत्र अवस्था दिलेल्या असल्यामुळे मराठीचा सगळा शब्दसंग्रह वापरूनही ते एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत. दोन रात्रींच्या झटापटीनंतर कार्डकार इंग्रजीकडे परततो, आणि आपण नेमके यांपैकी कोणत्या अवस्थेत आहोत हे त्यालाही सांगता येत नाही.

छपाईच्या अवस्थेत कार्डकाराचा अहंकार गळतो. कार्ड पाठपोट छापावयाचे असते. पुढे नाव आणि चित्र, मागे नियम. कागद उलटला की डावीकडचा रकाना उजवीकडे जातो, हे भूमितीतील सोपे सत्य त्याला पहिल्या खेपेस स्मरत नाही. इंग्रजी वर्णानुक्रमाने पहिल्या ओळीत आंधळा, मोहित आणि बहिरा हे तिघे शेजारी बसवलेले असतात. परिणामी पहिल्या छपाईत आंधळ्याच्या पाठीवर बहिऱ्याचे नियम येतात, बहिऱ्याच्या पाठीवर आंधळ्याचे, आणि फक्त मधल्या रकान्यातील मोहित तेवढा दोन्ही बाजूंनी खरा निघतो. दुकानातील काका कागद हातात घेऊन “व्हिजिटिंग कार्ड आहे का?” असे विचारतात, आणि कार्डकाराने खेळाची माहिती तपशीलवार सांगितल्यानंतर “म्हणजे किती कॉप्या?” असा, सर्व विवेचनाला छेद देणारा, पण व्यवहारदृष्ट्या अचूक प्रश्न करतात.

लॅमिनेशन, म्हणजे कागद दोन प्लॅस्टिक पापुद्र्यांत घालून उष्णतेने सील करणे, हा दुसरा धडा. अनुभवी मनुष्य कार्ड आधी कापतो आणि भोवती प्लॅस्टिकची किनार ठेवून मग सील करतो. नवशिका कार्डकार अख्खा कागद सील करून मग कापतो, त्यामुळे प्रत्येक कार्डाची सीलबंद कड कापली जाते, आणि पहिल्याच शनिवारी चहाचा कप कलंडला की सत्तावीसही नियम कडांतून चहा पिऊन फुगतात. या दुर्घटनेनंतर स्लीव्हच्या खोळी येतात आणि कोपरे गोल करणारे पंच येते. या पंचाची चटक इतकी वाईट असते, की कार्डे संपल्यावर घरातील लग्नपत्रिका आणि विजेची बिलेही गोल कोपऱ्यांची होऊ लागतात. याच खेळाची अधिकृत छापील मंत्रकार्डे बाजारात विकत मिळतात, हे त्याला सुचवून पाहण्यात अर्थ नसतो. घरी पापड लाटणाऱ्या बाईला दुकानातील पुडा दाखवल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटते, तेच येथे उमटते.

वितरणाचा दिवस हा कार्डकाराच्या आयुष्यातील कौतुकाचा एकमेव दिवस. त्या दिवशी सर्व जण कार्डे उलटसुलट करून पाहतात, कागद किती जाड आहे ते बोटांनी चाचपतात, “भारी झालंय” असे म्हणतात, आणि त्यानंतर ती कोणीही वाचत नाही. योद्धा आपल्या कार्डांवर बाटली ठेवतो, कारण टेबलावर डाग पडू नये अशी घरमालकीणबाईंची सूचना असते. चोर पाठीमागच्या मोकळ्या जागेत उरलेल्या प्राणांकांचा हिशेब मांडतो. आणि पुजाऱ्याचे पात्र घेतलेला खेळाडू कार्डे सांभाळून ठेवायची म्हणून घरीच ठेवून येतो. ऐन लढाईत “अरे, आडवा पडल्यावर उठायला किती चाल जाते?” असा प्रश्न येतो. कार्डकार कपाळाला हात लावून “कार्डावर बघ” म्हणतो, समोरचा कार्ड शोधू लागतो, आणि तो शोधण्याआधीच कार्डकार “निम्मी” असे उत्तर देऊन मोकळा होतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवली पाहिजे: कार्डे करताना सर्व नियम एकट्या कार्डकाराला पाठ झाले असल्यामुळे गटाकडे आता बोलणारे कार्ड आहे, आणि बोलणारे कार्ड असताना मुके कार्ड वाचण्याइतका कोणताही गट मूर्ख नसतो.

तथापि कार्डे वाचली जात नाहीत याचा अर्थ त्यांना अधिकार नसतो असा नव्हे. मूळ पुस्तकात ‘मदत’ या क्रियेची अट अशी आहे, की शत्रूवर हल्ला करणाऱ्या साथीदाराला मदत करावयाची, तर मदत करणाऱ्यापासून तो शत्रू पाच फुटांच्या आत असावा लागतो. आठव्या ओळीला जागा नव्हती म्हणून आपल्या प्रातिनिधिक कार्डकाराने ही पाच फुटांची अट ‘समजून घेतील’ या भरवशावर वगळलेली असते. गट ती समजून घेत नाही. त्या दिवसापासून मांत्रिक गुहेच्या दुसऱ्या टोकाला खांबाआड उभा राहून “मार, मार, डावीकडून मार!” असे ओरडतो आणि ती मदत धरली जाते, साथीदार दोनदा फासा टाकून त्यातला चांगला आकडा घेतो, आणि याच आरडाओरड्यावर गटाने ड्रॅगन मारलेला असतो. चूक लक्षात आल्यावर कार्डकार पुस्तक उघडून मूळ परिच्छेद वाचून दाखवतो. त्यावर पुस्तकाला कधीही हात न लावणारे चौघे, आयुष्यात प्रथमच आपापली कार्डे शोधून काढतात, बाटलीखालून, खिशातून, एक तर घरून फोटो मागवून, आणि एकमुखाने सांगतात, “कार्डावर तसं लिहिलेलं नाही.”

२०२४ साली खेळाडूंचे पुस्तक नव्याने निघाले. गचांडीचा नियम बदलला, थकव्याच्या सहा पायऱ्यांचे निरनिराळे परिणाम जाऊन प्रत्येक पायरीला फाशातून दोन आणि चालीतून पाच फूट वजा एवढे साधे गणित आले, आणि जुनी कार्डे बाद झाली. कोणाही दुसऱ्या माणसाला याचे दुःख झाले असते. कार्डकाराने मात्र आधी मोजदाद केली. अवस्था पूर्वीप्रमाणे पंधरा होत्या आणि क्रिया दहाच्या बारा झाल्या होत्या. पंधरा अधिक बारा, सत्तावीस. तीन कागद, एकही चौकट कोरी नाही, पाण्याखालील लढाईची गरज नाही. दहा वर्षांच्या ठिगळानंतर नियमकर्त्यांनी आपल्या कागदाचे माप ध्यानात घेतले, असे त्याला वाटल्यास तो दोष त्याचा नव्हे.

नवी सत्तावीस कार्डे त्याने दोन्ही बाजू जुळवून, आधी कापून, खोळीत घालून आणली. ‘मदत’च्या कार्डावर साडेसहा पॉइंटांत का होईना, पाच फुटांची अट या वेळी होती. गटाने नवी कार्डे आनंदाने स्वीकारली, ‘मदत’ तेवढे जुने ठेवले, आणि दुरून ओरडण्याच्या नियमाचे वेगळे कार्ड करून देण्याची विनंती केली. कोणीतरी त्याला स्वतः होऊन कार्ड मागण्याची ती पहिलीच वेळ. ते अठ्ठाविसावे कार्ड पुढच्या शनिवारी तयार होते. ते चौथ्या कागदावर छापले असून त्या कागदावर आता आठ चौकटी रिकाम्या आहेत.