ग्लूटेनकाकू

मे महिना लागला की मुलुंड पूर्वेपासून बोरिवलीच्या बाभईपर्यंत कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो. ‘मुलांसाठी ग्लूटेन-फ्री कुकीज कार्यशाळा. वय 6 ते 12. अ‍ॅप्रन आणि डबा घरून आणावा.’ खाली ठळक अक्षरांत: ‘खिशात बिस्कीट आढळल्यास मुलाला परत पाठवण्यात येईल.’ हा कागद लावणाऱ्या बाई म्हणजे ग्लूटेनकाकू. नाव सोसायटीने पाठीमागे ठेवलेलं. समोर सगळे ‘मॅडम’ म्हणतात, कारण बहुतेक वेळा त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या असतात आणि नजर अजून तपासनीसाचीच असते.

2023 साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं. ते संपलं, काकूंचं अजून चालू आहे. नाचणी, ज्वारी, वरी, राजगिरा अशा बरण्या ओळीने, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि प्रत्येकीचा चमचा वेगळा. चमचा चुकून शेजारच्या बरणीत गेला तर ती बरणी बाद. बाद बरणीतल्या पिठाच्या भाकऱ्या काका खातात. कार्यशाळेच्या आदल्या रात्रीपासून घरात पोळी बंद असते. तेव्हा काका दोन वेळा मुकाट्याने भाकरी खातात आणि तिसऱ्या वेळेला स्टेशनपाशी काहीतरी काम काढतात.

स्वतः काकूंना गव्हाचा काडीचाही त्रास नाही. एरवी त्या मजेत पोळी खातात. ‘मला काय धाड भरलीय?’ हे त्यांचं उत्तर. फॅशन म्हणून गहू सोडणाऱ्या आयांवर तर त्या तुटून पडतात. ‘आधी रक्त तपासा, मग पोळी सोडा. आधीच सोडलीत तर तपासणीत काय दिसणार, कपाळ?’ यातलं कपाळ सोडलं तर बाकी सगळं शास्त्राला धरून आहे, आणि हीच काकूंची पंचाईत. त्यांचं हसू येतं, पण चूक काढता येत नाही.

आता गिरणीचंच घ्या. नाचणीत ग्लूटेन नसतं, पण गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यातून दळली की गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. काकूंनी गिरणीवाल्याला सरकारी नियम ऐकवला: किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन गेलं की त्या मालाला ग्लूटेन-फ्री म्हणता येत नाही. तो शांतपणे म्हणाला, ‘काकू, माझा काटा पावशेराच्या खाली बोलत नाही.’ त्याच महिन्यात काकूंकडे घरघंटी आली. तेव्हापासून खालच्या मजल्यावर दुपारची झोप हा प्रकार उरला नाही.

कार्यशाळेत मुलं हात कोपरापर्यंत धुऊन बसतात. लोणी, गूळ, नाचणीचं पीठ, वेलची. खरी अडचण पुढे येते. पीठ धरून ठेवण्याचं काम गव्हात ग्लूटेन करतं. नाचणीत ते नाही, त्यामुळे कुकी ओव्हनमधून निघते आणि उचलताना तिची रांगोळी होते. काकूंचा यावर उपाय इसबगोल. पाण्यात भिजवलं की ते चिकट होतं आणि पीठ एकजीव राहतं. पहिल्या वर्षी ऐन वेळी ते संपलं, तेव्हा एका मुलाला वरच्या आजोबांकडे पिटाळलं. आजोबांनी डबा दिला, पण सोबत डोसही लिहून पाठवला: ‘रात्री झोपताना, कोमट पाण्यातून.’

गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. सहा वर्षांच्या मुलासाठी अर्धा तास म्हणजे एक युग, आणि त्या युगात काकू इतिहास शिकवतात. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. सीलिअ‍ॅकची, म्हणजे ग्लूटेन न सोसणारी, मुलं पावाशिवाय सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, तेव्हा संशय पक्का झाला. सगळे गप्प. मग मागून प्रश्न येतो, ‘काकू, ट्युलिपच्या कुकीज जमतील?’

आजीआजोबांच्या पिढीला हे सगळं नाटक वाटतं. त्यांच्या वेळी सुट्टीत मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या डब्यातून नानकटाई भाजून आणायची, एवढंच. बिस्कीट म्हणजे पार्ल्याला गाडी थांबली की डब्यात शिरणारा वास. तिथला बिस्किटांचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला, वास नाकात राहिला. काळपट नाचणीला बिस्कीट म्हणायला त्यांचं नाक तयार नसतं.

पण सोसायटीत एक मुलगा खरोखरच सीलिअ‍ॅकवाला निघाला आणि काकूंचं वजन एकदम वाढलं. सत्यनारायणाला प्रसादाच्या शिऱ्यात सव्वा किलो रवा, म्हणजे गहूच. काकूंनी त्याच्यासाठी वेगळ्या कढईत वरीचा शिरा केला आणि तो डबा पूजेला मुख्य प्रसादापासून दोन हात लांब मांडायला लावला. गुरुजी म्हणाले, ‘सोवळं पाळताय, छान.’ आमटीतल्या हिंगापर्यंत त्यांचा पहारा असतो, कारण बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. गणेशोत्सवात मात्र उकडीच्या मोदकांकडे बघून त्या कौतुकाने म्हणतात, ‘बाप्पा मुळातच सेफ आहे.’ वाढदिवसाला त्या मुलाची आई दुसऱ्या कुणाकडे त्याला डब्याशिवाय पाठवत नाही. काकूंकडे पाठवते. जी शिस्त इतरांच्या घरी वेडेपणा ठरते, ती या एका ताटापुरती नेमकी हवी तेवढीच असते.

यंदाच्या कार्यशाळेत कुकीज निघाल्या तेव्हा काकूंनी सगळ्यांना थांबवलं, पहिली कुकी त्या मुलाच्या हातात दिली आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्याने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला.

‘कशी आहे?’

‘वरच्या आजोबांच्या औषधासारखी.’

काकूंनी चष्मा वर केला, वही उघडली आणि लिहिलं: इसबगोल अर्धा चमचा कमी.