जाणारं दार

आमच्या घरात वस्तू निवृत्त होत नाही, तिची बदली होते. बनियनचं फडकं होतं, फडक्याचं पोतेरं. श्रीखंडाचा डबा आधी तिखटाचा होतो, मग खिळ्यांचा. दिवाणाच्या पोटात काय आहे, हे आता त्या दिवाणालाच ठाऊक.

दिवाळी तोंडावर आली की आवराआवर निघते. म्हणजे माळ्यावरचं खाली येतं, पुसलं जातं आणि "असू दे, लागेल" असा निकाल घेऊन पुन्हा वर जातं. जुने दिवाळी अंक रद्दीत काढायला बसावं, तर एखादी कथा हाताला लागते आणि अख्खा अंक बचावतो. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा पुढच्या पिढ्यांच्या माळ्यांचा विचार त्यांच्या मनात आला नसावा.

घर आवरायचे धडे देणाऱ्या जपानच्या मारी कोंडो सांगतात, वस्तू हातात घ्या, आनंद झाला तरच ठेवा. हे मी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "किसणी हातात घेऊन आनंद कसला व्हायचाय? ती किसायला आहे." पुढे 2023 साली, तिसऱ्या मुलानंतर, टापटिपीचा हट्ट आपण बराच सोडून दिल्याचं खुद्द कोंडोबाईंनीच सांगितलं. त्यावर आई एवढंच म्हणाली, "वाटलंच."

तसं पाहिलं तर आईच्या पिढीनंही काही टाकलं नाही. न्यायला माणसं दाराशी यायची. बोहारीण तासभर घासाघीस करून जुन्या साड्या न्यायची, स्टीलचं पातेलं ठेवून जायची. रद्दीवाल्याची, भंगारवाल्याची हाळी ऐकू यायची. विरलेलं नऊवारी गोधडीत जायचं. आता बोहारणीला सोसायटीच्या फाटकावरच "कुणाकडे जायचंय?" विचारून परत पाठवतात आणि पार्सलवाल्याला दिवसातून चारदा वर सोडतात. येणारं दार सताड उघडं, जाणारं बंद. मग पसारा होईल नाही तर काय? आमचा आळस आहेच, पण सगळं खापर त्याच्या माथी कशाला?

म्हणून यंदा माळ्याला हात लावण्याआधी मी वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, बोहारीण आली की आमच्याकडे पाठवा. आई सौद्याला बसली की घरात एक पातेलं वाढणार, हे धरूनच चालायचं. पण दोन गाठोडी तरी जातील. याहून जास्त घर आवरणं कुणाला जमलंय?