बशीतले जंतू, बाटलीतला निसर्ग

सोलापूरच्या नवी पेठेत सध्या जंतूंचे काही खरे नाही. वरच्या फळीवर तुळशीचे थेंब, खाली कडुनिंबाचा साबण, शेजारी गुळवेलीच्या गोळ्या, काउंटरवर हळदीच्या कॅप्सूल, आणि जागोजागी ‘99.9 टक्के जंतूंचा नाश’. उरलेला 0.1 टक्का बहुधा पुणे नाक्यावर गाडीची वाट बघत असावा. दावा अगदीच खोटा आहे असे मात्र नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तुळस, लसूण, कडुनिंब, हळद यांचे अर्क जंतूंना मारतात, हे अनेकदा दिसले आहे. पण बशीत जंतू फिनाईलनेही मरतात. म्हणून ताप आलेल्या माणसाला कुणी फिनाईल पाजत नाही. बशीला आतडे नसते, यकृत नसते. हळदीतले कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरते, आणि उतरते त्याचाही यकृत लगोलग निकाल लावते. 2017 साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या 120 हून अधिक चाचण्यांचा धांडोळा घेतला. काटेकोर चाचणीत ते एकदाही उत्तीर्ण झाले नसल्याचे त्यांनी लिहून ठेवले.

‘आमच्या ऋषीमुनींना हे ठाऊक होते!’ हा आक्षेप ठरलेलाच. ठाऊक होतेच, आणि त्याचा निकालही लागला आहे. जखमेवरच्या हळदीचे 1995 चे अमेरिकी पेटंट, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने 1997 मध्ये रद्द करवले. पेटंट गेले ते ‘हे जुनेच आहे’ म्हणून. आपण ऐकले ‘हे गुणकारी ठरले’ असे. जुना ग्रंथ चीननेही उघडला, पण त्याची पूजा न करता त्याला परीक्षेला बसवले. हिवतापावरच्या वनस्पतीचा उल्लेख चौथ्या शतकातल्या पोथीत होता. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या ध्यानात आले की उष्णतेने तिचा गुण जातो, आणि पोथीत तर ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, जनावरांवर तपासला, मग स्वतः घेतला, मग रुग्णांना दिला. 2015 चे नोबेल मिळाले. आपण 2020 चे वर्ष काढे उकळण्यात घालवले. लसणातले अॅलिसिनही असेच नाजूक: पाकळी ठेचली तरच तयार होते, अख्खी उकळली तर नाही. उखळात लसूण घालून शेंगा चटणी कुटणाऱ्या सोलापूरच्या बायका या बाबतीत काढेवाल्यांपेक्षा शास्त्राच्या जवळ आहेत. फक्त त्या पुडीवर ‘न्यूमोनियावर रामबाण’ असे छापत नाहीत.

‘निसर्गाचे आहे, अपाय तरी नाही ना?’ कण्हेर आणि धोतराही निसर्गाचेच. कोरोनाच्या पहिल्या वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असावी असे सुचवले. म्हणजे गिऱ्हाइकाने आधी वनस्पतिशास्त्र शिकायचे, मग गोळी घ्यायची! झाडपाल्याचे पेटंट सहसा मिळत नाही, म्हणून त्याच्या चाचणीत कुणी पैसा घालत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सरकारने तो खर्च उचललाच पाहिजे. तोवर चाचणीला नसलेला पैसा जाहिरातीला कुठून येतो, एवढे कुणी सांगावे. पतंजली कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बडग्यानंतर वर्तमानपत्रांत माफीनामे छापावे लागले. तीही जागा विकतचीच होती. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तसा दावा फळीवर दिसला तर पुडक्याचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे धाडा. पुडके विकत घ्यायची गरज नाही.