सातशेतीसवाले काका

इन्फ्रारेड वर्णपटाच्या (आयआर) खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय : 'नमुना ठेवताना श्वास रोखावा.' नवख्यांना ती चेष्टा वाटते. मग एखादा पोरगा कप्प्यावर वाकून सुस्कारा सोडतो आणि आलेखात २३५० तरंगसंख्येच्या आसपास कार्बन डायऑक्साइडची जोडशिखरं उगवतात. "हे पॉलिमर नव्हे, ही तुझी काळजी," काका शांतपणे सांगतात आणि सगळं पहिल्यापासून करायला लावतात.

पॉलिमरच्या प्रयोगशाळेत असा एक गृहस्थ हमखास भेटतो. आडनाव कुणाच्या लक्षात नसतं. मुलं 'सातशेतीसवाले' म्हणतात. कारण पॉलिथिलीन. त्यातले सीएच-टू गट डुलतात, त्याचा वितळलेल्या पॉलिथिलीनमध्ये ७२०च्या जवळपास एकच पसरट पट्टा दिसतो. स्फटिकात त्याचे दोन होतात, ७२० आणि ७३०. "युनिट सेलमध्ये दोन साखळ्या असतात हो! चाळीत भिंतीला भिंत लागली की एकाच्या खोकल्यानं दुसरा जागा होणारच."

हे दाखवायला ते घरच्या दुधाच्या पॉलिथिलीनच्या पिशव्या पळवतात. काकू त्या धुऊन भंगारवाल्यासाठी साठवतात, पण वजन कधी जुळत नाही. इकडे काका चौकोनी तुकडा कापून धारकात लावतात आणि तापवत नेतात. पिशवीत ७३० मुळातच बुटका, कारण फांद्या फुटलेल्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत. पिशवी वितळू लागली की तोही खचत खचत नाहीसा होतो. काका चष्मा कपाळावर चढवून "गेला!" म्हणतात. हे त्यांनी किती वेळा पाहिलंय देव जाणे, आवाजातला आनंद तोच.

खरा राग पॉलिप्रॉपिलीनवर लिहिणाऱ्यांचा. कुणी प्रबंधात ९९८ला 'स्फटिकाचा पट्टा' म्हटलं की लाल पेन निघतं. "साखळीनं तीन एककांचा पीळ नीट घेतलाय, एवढंच तो सांगतो. शेजारी कोण आहे, त्याला काय ठाऊक?" ९७३चा पट्टा वितळल्यावरही टिकतो, म्हणून ९९८ला त्यानं भागायचं, पण त्या भागाकाराला टक्केवारी म्हणायचं असेल तर आधी क्ष-किरणांशी किंवा वितळण्याची उष्णता मोजणाऱ्या डीएससीशी ताडून पाहायचं. काकाही गुपचूप क्ष-किरणवाल्यांकडे जाऊन येतात. आकडे जुळले तर आपली पद्धत चोख, नाही जुळले तर त्यांचं यंत्र बिघडलेलं.

पावसाळ्यात मात्र जपून. नमुना ज्यात मिसळून चकती दाबतात ते पोटॅशियम ब्रोमाइड ओल धरतं, चकती दुधी होते आणि ३४००ला पाणी येऊन बसतं. सिलिका जेल निळं असेल तर काकांशी बोलावं. गुलाबी झालं असेल तर उद्या यावं.

माणूस हेकट, पण बहुतेक वेळा बरोबर निघतो, हाच त्याचा त्रास. त्याच्याकडे जाणार असाल तर फिल्म पातळ दाबून न्या. जाड फिल्मची शिखरं माथ्यावर सपाट होतात आणि गुणोत्तर काढता येत नाही. शिवाय ती बर्फाच्या पाण्यात बुडवून गार केली की सावकाश निवू दिली, ते पाकिटावर लिहा. पहिला प्रश्न तोच येतो.