उसवण्याचे पैसे कोण देणार?

"कापड तर आमचंच आहे, मग शिलाई एवढी कशाची?" जुन्या कपड्याची पिशवी शिवून देणाऱ्या बाईला हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. झाशीच्या नगऱ्यात ते हिंदीत ऐकू येतं, सोलापुरात मराठीत, आणि ऐकवणारा माणूस दोन्हीकडे स्वतःला मोठा व्यवहारी समजतो. मला तो अडाणी वाटतो. शिलाई एवढी असते ती उसवण्याची, कापड पारखण्याची, आणि एकानं अंगावर झिजवलेल्या कापडातून आणखी काही वर्षं टिकेल असं काही उभं करण्याची. ठाणातलं नवं कापड शिकाऊ पोरगाही कापतो. जुनं कापायला नजर लागते. म्हणून जुन्याची शिलाई नव्यापेक्षा जास्तच असली पाहिजे. आज मात्र जुनं म्हटलं की दर खाली येतो.

नगरा ही झाशीतली रेल्वेच्या आधारानं वाढलेली वस्ती. शहरात १८९५ साली रेल्वेचा कारखाना उभा राहिला, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांत रेल्वेचा पगार आला. २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, म्हणजे कारभार मुंबईचा. त्यामुळे बदलीवर आलेली मराठी माणसंही इथे रुळलेली. त्याच्या कितीतरी आधीपासूनची मराठी घरं शहरात आहेतच, झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळापासूनची. अशा नोकरदार वस्तीत शिलाई मशीन असतंच, आणि गणवेशाचं जाडजूड, सुती, निम्मं विटलेलं कापडही असतं. पुनर्वापराच्या गोष्टी सांगायला आपण परदेशी पाहुणे बोलावतो. कच्चा माल, मशीन आणि हात तिन्ही जिथे एका छपराखाली आहेत तिथे आधी बघावं.

कारखान्यात वापरून विटलेली निळी पँट घ्या. बसायची जागा आणि गुडघे गेलेले असतात, कमरेचा पट्टा भक्कम असतो, पोटरीकडचं कापड जवळपास धडधाकट असतं. हे डोळ्यांना दिसतंच असं नाही, हाताला कळावं लागतं. बाई कापड उजेडाला धरते, मग दोन्ही अंगठे जवळ आणून ताणून बघते. विरलेलं असेल तर ते तिथेच चर्र करतं. तेवढा भाग बाजूला. मग उसवणं. पँटच्या पायाची शिवण घडीत घडी घालून दोन टिपांनी मारलेली असते. ब्लेडच्या टोकानं एकेक टाका सोडवत गेलं तर कापड पूर्ण हाती येतं. घाईनं फाडलं तर शिवणीलगतची बोटभर पट्टी फुकट जाते. उसवल्यावर घडीत दडलेला रंग गडद निघतो, बाहेरचा फिका. हा फरक लपवता येत नाही, म्हणून तो नक्षीसारखा मांडायचा : गडद पट्टी तोंडाशी, फिकी पोटाशी.

खरी परीक्षा बंदांची. ते उभ्या धाग्यात कापायचे. तिरके कापले तर भाजीच्या वजनानं लोंबायला लागतात आणि पिशवी गुडघ्याला आपटते. बंद जिथे जोडायचा तिथे नुसती आडवी टीप मारून भागत नाही. चौकोन मारून आत फुली घालावी लागते, म्हणजे ओझं एका टाक्यावर येत नाही. त्या जागी कापडाचे चार-पाच थर जमतात. चौदा नंबरची सुई तिथे मोडते, सोळा नाहीतर अठरा नंबरची लावावी लागते, आणि पायाच्या मशीनवर त्या दोन इंचांपुरतं चाक हातानं फिरवावं लागतं. एवढं झाल्यावर पिशवी दहा किलो गहू उचलते. या सगळ्यात प्रत्यक्ष शिवायला लागतो त्याहून जास्त वेळ उसवायला आणि जुळवायला लागतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते फक्त शिवण्याचे.

साडीचं कापड निराळं. मधला भाग बसून-उठून विरलेला, पण काठ मजबूत, आणि निऱ्यांखाली दडलेलं टोक कोरं. तळाशी फॉल लावलेला असेल तर तिथला काठ हमखास चांगला निघतो. अनुभवी हात साडी उलगडतानाच ठरवतो की याची पिशवी होईल, परकर होईल, की लहान मुलाचं झबलं. झबल्याला तर जुनंच सुती कापड हवं. शंभर वेळा धुतल्याशिवाय तसा मऊपणा येत नाही.

मग या कामाला दाम का नाही? कारण ते घरात फुकट होत आलं. आजीनं जुन्या लुगड्यांचे थर लावून बोटाबोटावर धावदोरा घातला, गोधडी झाली, घरानं पांघरली. बुंदेलखंडात तिलाच कथरी म्हणतात, तीही घरच्या बाईनंच शिवायची. दुपारची भांडी आवरल्यावर, डोळे मिटायच्या आधी. त्या तासांची नोंद कुणाच्या वहीत झाली नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा भाव कुणी करत नाही. आज त्याच टाक्याची गोधडी शहरातल्या प्रदर्शनात काही हजारांना विकली जाते आणि घेणारे आनंदानं घेतात. ते योग्यच आहे. पण त्या किमतीतला किती भाग टाका घालणाऱ्या बोटांपर्यंत पोचला, हे विचारल्याशिवाय पाकीट उघडू नये.

बोहारणीचं तसंच. जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं देणारी ही बाई आपल्याला फक्त घासाघीस करणारी म्हणून आठवते. दोन पँटी आणि एका साडीवर डबा नको, पातेलंच हवं, यावर आपण अर्धा तास घालवला आणि जिंकल्याच्या आनंदात दार लावलं. त्यानंतर तिचं काम सुरू होतं : निवडणं, धुणं, उसवलेली शिवण मारणं, तुटलेलं बटण लावणं, इस्त्री. मग तो शर्ट जुन्या बाजारात बसतो आणि ज्याला नवा परवडत नाही तो माणूस तो घालून कामावर जातो. आपल्या शहरांच्या अंगावरचे किती कपडे तिच्या हातून गेलेत! तिला मान तर नाहीच, बसायला जागाही नाही.

आता पिशव्यांबद्दल स्पष्ट बोलू. दुकानात कापडी म्हणून जी रंगीत, खरखरीत पिशवी मिळते ती बहुतेक वेळा नॉन-वोव्हन असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. केंद्र सरकारनं ३० सप्टेंबर २०२१ पासून चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांवर बंदी घातली; बाकीच्या चालू आहेत आणि लोक त्या कापड समजून घेतात. दुसरीकडे समारंभात वाटायच्या कोऱ्या सुती पिशव्या. एका बाजूला प्रायोजकाचं नाव, दुसऱ्या बाजूला झाडाचं चित्र. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली हिशेब मांडला : नव्या सुती पिशवीनं साध्या प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायची तर हवामानाच्या एकाच निकषावर ती किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, रसायनं वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. कारण कापूस पिकवायला, सूत काढायला, रंगवायला जे जातं ते जातंच. जुन्या पँटच्या पिशवीवर हे ओझं नाही. तो कापूस पिकून, विणून, वापरून झालेला आहे. तिच्यात नवीन आहे ते फक्त दोऱ्याचं आणि बाईच्या श्रमाचं मोल. म्हणूनच पर्यावरणाच्या नावानं कोऱ्या पिशव्या छापायला पैसे निघतात आणि शिलाईला निघत नाहीत, याचा मला राग येतो. नवं कापड विकणाऱ्याकडे बिलबुक असतं, उसवणाऱ्या बाईकडे नसतं. पैसा बिलाच्या दिशेनं जातो.

झाशीकडे या कामासाठी काय नाही? उत्तर प्रदेश सरकारनं २०१८ मध्ये 'एक जनपद एक उत्पाद' योजना आणली, त्यात झाशीच्या वाट्याला सॉफ्ट टॉय आले. कापायला, शिवायला, भरायला सरावलेले हात म्हणजे शहरात आहेतच. पण अशा खेळण्यांना लागते ती कृत्रिम लोकर आणि कृत्रिम भरण, दोन्ही कोरी. याच बुंदेलखंडात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे अक्तीला, मुली पुतरियांची लग्नं लावतात, आपल्याकडच्या बाहुला-बाहुलीच्या लग्नासारखीच. घरातल्या चिंध्यांची बाहुली करायचं ज्ञान ज्या मातीत आहे, तिथल्या योजनेच्या कागदावर चिंधीला एक ओळ मिळायला हरकत नव्हती.

झाशीहून पंधरा-सतरा किलोमीटरवर ओरछा. तिथे डेव्हलपमेंट अल्टर्नेटिव्हज या संस्थेनं नव्वदच्या दशकात ताराग्राम उभं केलं. होजियरीच्या कारखान्यातली सुती कात्रणं तिथे आली, बायकांनी ती निवडली, तुकडे केले, लगदा केला आणि त्याचा हातकागद झाला. विजेसाठी बेशरमाची झुडपं जाळून गॅस तयार करणारं यंत्र बसवलं. बेशरम म्हणजे तळ्याकाठी माजणारं ते जांभळ्या फुलांचं तण, जे गुरंसुद्धा खात नाहीत. कात्रण आणि तण, दोन टाकाऊ वस्तूंवर कारखाना चालला आणि आसपासच्या सहरिया आदिवासी बायकांना हातात मजुरी मिळाली. मजुरी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. प्रमाणपत्र नव्हे, कौतुकाची शाल नव्हे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती झाकून उपयोग नाही. झाशी जिल्ह्यातलं राणीपूर टेरिकॉटसाठी प्रसिद्ध. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांची मिसळ. ते विटत नाही, सुरकुतत नाही, म्हणून खपलं. पण जुनं झाल्यावर त्याची गत बिकट : घाम आणि पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे झबल्याला नको, फडक्याला नको; आणि दोन तंतू एकत्र कातलेले, त्यामुळे वेगळे करणं अवघड. पिशवी मात्र त्याची उत्तम होते. म्हणजे जे कापड दुसऱ्या कशालाच चालत नाही त्याला मशीनवाली बाईच वाट काढून देते.

कपडे देणं म्हणजे उपकार, ही समजूतही आता पुरे झाली. १९९९ मध्ये 'गूंज' सुरू करणाऱ्या अंशू गुप्ता यांनी ती मोडून दाखवली. गावानं विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. भीक म्हणून नाही. जुन्या सुती कापडातून त्यांनी बायकांच्या पाळीसाठी धुतलेल्या, स्वच्छ घड्या तयार करून गावोगाव पोचवल्या. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नगऱ्यासाठी माझी मागणी लांबलचक नाही. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे ठरलेली मुदत संपली की बाद होतात. झाशी विभागानं त्या भंगाराच्या लिलावाकडे जायच्या आधी वस्तीतल्या बचत गटांना द्याव्यात, आणि त्यांच्याकडूनच कार्यालयाच्या फायलींच्या पिशव्या, कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या पिशव्या रोख दरानं शिवून घ्याव्यात. एका मापाचं, एका रंगाचं कापड ढिगानं मिळालं की निवडण्याचा निम्मा वेळ वाचतो. सुट्या जुन्या कपड्यांवर धंदा का उभा राहत नाही याचं मोठं कारण हा निवडण्याचा वेळच आहे. पंधरा दिवसांचा शिवणवर्ग आणि समारोपाचा फोटो यापेक्षा वर्षभराची ऑर्डर द्यावी. मशीन बायकांकडे आहे, काम द्या.

आणि दर. बिलावर उसवण्याची ओळ वेगळी असावी, जोडणीची वेगळी, शिवण्याची वेगळी. मोटार दुरुस्तीला टाकली तर गॅरेजवाला खोलायचे पैसे वेगळे लावतो आणि आपण ते मुकाट देतो. शिवणाऱ्या बाईनंही ते मागावेत, संकोच न करता, तासाच्या हिशेबानं. देणाऱ्यानं कपडे नेताना धुऊन, वाळवून न्यावेत, आणि शर्टाची बटणं, पँटची चेन घरी काढून ठेवू नयेत; पिशवीच्या तोंडाला तीच लागतात.